खेळून झालेलं पाणी

गुहागरला रेल्वे नाही. रेल्वेनं यायचं तर चिपळूणला उतरायचं आणि एस.टी.नं वळणं घेत समुद्राकडे यायचं. माझ्या लहानपणी तर चिपळूणलाही रेल्वे नव्हती. आमच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी आगगाडी डोळ्यांनी न पाहताच जगाचा निरोप घेतला. तरीही १९७८ च्या मे महिन्यात आमच्या आजोळच्या वाडीत एक रेल्वे धावत होती आणि तिच्या शेजारून एक कालवा वाहत होता. रेल्वे चावीची होती, तिच्या रुळांमधलं अंतर बत्तीस मिलिमीटर. कालवा वीतभर रुंद, माझ्या हातांनी खणलेला. त्या कालव्यापायी मी नानांची बोलणी खाल्ली आणि त्या बोलण्यातलं एक वाक्य पुढे आयुष्यभर पुरलं. आज ते सगळं सांगायचं आहे.

गाडी आणली होती मामूंनी. आमच्या खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांत त्या काळी जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा माणूस बोटीवर असायचा. खलाशी, कसाब, टंडेल, सारंग अशा पायऱ्या चढत माणसं म्हातारी व्हायची. मामू टंडेल झाले होते. बोट लिव्हरपूलला लागली की ते जुन्या सामानाच्या बाजारात फिरत. तिथंच त्यांना ही गाडी मिळाली: हिरवं इंजिन, दोन डबे, रुळांचे बारा-चौदा तुकडे. एका डब्याचं चाक नव्हतं.

गाडी त्याच गावात जन्मलेली होती. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी नावाच्या माणसानं आपल्या मुलांसाठी भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांचं एक खेळणं केलं, १९०१ साली त्याचं पेटंट घेतलं. तेच पुढे मेकॅनो म्हणून जगभर गेलं. १९२० मध्ये त्यानं चावीच्या आगगाड्या काढल्या. त्याचा बिन्स रोडवरचा कारखाना १९७९ साली बंद पडला. म्हणजे आमच्या वाडीत ती गाडी धावायला लागली, त्याच्या पुढच्याच वर्षी तिचं माहेर बुडालं. हे अर्थात मला फार नंतर कळलं.

रूळ मांडायला जागा शोधली ती दोन पोफळींच्या रांगांमधली. मामू खाटेवर बसून पाहत होते. म्हणाले, "नुसती रेल्वे काय करतोस? तिच्या बाजूनं कालवा काढ. विलायतेत रेल्वेच्या अंगाला कालवा असतोच." आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मला तेव्हा थाप वाटली होती.

त्यांची बोट एकदा समुद्र सोडून जमिनीत शिरली. दोन्ही बाजूंना शेतं, कारखाने, माणसं सायकलवरून चाललेली आणि मधून त्यांची बोट. पुढे गेल्यावर पाहतात तो बोटीच्या वाटेवर आडवा पूल, पण त्या पुलावर रस्ता नाही, पाणी. पुलावर भरलेला कालवा! बोट जवळ आली तशी दोन्ही टोकांची दारं लागली आणि तो पाण्यानं भरलेला पूल अख्खाच्या अख्खा गिरकी घेऊन बाजूला झाला. बोट गेली, पूल परत जागेवर.

ही थाप नव्हती. लिव्हरपूलच्या बाजूनं मँचेस्टरला थेट समुद्रातल्या बोटी नेण्यासाठी खणलेला ५८ किलोमीटरचा शिप कॅनॉल १८९४ साली खुला झाला. त्याच्या वाटेत बार्टन इथं जुना ब्रिजवॉटर कालवा आडवा येत होता. म्हणून तिथं फिरता जलसेतू बांधला. त्याचं वजन सुमारे १४५० टन, त्यातलं सुमारे ८०० टन नुसतं पाण्याचं. आजही तो तिथं आहे.

तो जुना ब्रिजवॉटर कालवा तर इतिहासातलं एक मोठं पान आहे. वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला न्यायचा होता. खेचर आणि गाडीनं नेला तर महाग पडायचा. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरनं जेम्स ब्रिंडली नावाच्या, फारसं लिहिता-वाचता न येणाऱ्या कारागिराला हाताशी धरलं. ब्रिंडलीनं जमिनीच्या एकाच उंचीची रेघ धरून कालवा नेला, १७६१ मध्ये अर्वेल नदीवरून पुलानं पलीकडे काढला आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग सगळ्या इंग्लंडला कालव्यांचं वेड लागलं. एक घोडा जमिनीवर जेवढं ओढतो, त्याच्या कितीतरी पट ओझं तोच घोडा पाण्यावरून ओढतो, हा साधा हिशेब.

पण सत्तर वर्षांत गणित उलटलं. कालव्यांचे मालक मनमानी भाडं घेऊ लागले म्हणून व्यापाऱ्यांनी दुसरी वाट शोधली. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. कालवे एकदम मेले नाहीत, पण मंदावले. त्यांतले कितीतरी रेल्वे कंपन्यांनीच विकत घेतले. म्हणूनच मामूंना तिथं रेल्वेच्या शेजारी कालवा आणि कालव्याच्या शेजारी रेल्वे दिसत होती. आणि त्या रेल्वेतून जाणारा कापूस कुठला होता? १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस बंद झाला, तेव्हा आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून लिव्हरपूललाच गेला. आमच्या मामूंच्या बोटीची वाट त्या कापसानं आधीच आखून ठेवली होती.

तर कालवा खणायला घेतला. पहिल्या दिवशी खणला, रहाटाच्या दोणीतून पाणी आणलं, सोडलं. पाहता पाहता पाणी गडप. पुन्हा सोडलं, पुन्हा गडप. गुहागरच्या वाड्या म्हणजे समुद्र आणि डोंगर यांच्या मधली रेतीची पट्टी. झाडं उभी आहेत ती पुळणीवर. रेतीत कालवा म्हणजे चाळणीत दूध.

नानी म्हणाली, "जमीन सारवतो तशी सार." मग डोंगराच्या पायथ्याची तांबडी चिकण माती आणली. तिच्यातले खडे वेचले, पाणी घातलं आणि मी आणि माझा मावसभाऊ तासभर ती पायांनी तुडवत राहिलो. कणकेसारखी झाल्यावर तळाला आणि बाजूंना चार बोटं जाड थर दिला आणि वरून हातानं घोटला. पाणी टिकलं! पुढे ब्रिंडलीबद्दल वाचताना कळलं की त्याची युक्ती हीच होती. माती पाण्यात मळून, तुडवून तिचा थर द्यायचा. असं सांगतात की पार्लमेंटच्या समितीला विश्वास बसेना तेव्हा त्यानं त्यांच्यासमोरच माती मळून, तिचं भांडं करून, त्यात पाणी भरून दाखवलं. आमच्या नानीला समितीसमोर कुणी बोलावलं नाही, एवढाच फरक.

दुसरी अडचण उताराची. आपल्या वाडीतला पाट आणि विलायती कालवा यांच्यात मुळात भेद आहे. पाटाचं काम पाणी वाहून नेणं, म्हणून पाटाला उतार हवा. होडीचा कालवा मात्र सपाट हवा, नाहीतर होडी एका बाजूला पळते आणि दुसरीकडे पाणी उरत नाही. जमीन खाली गेली की तिथं दोन दारांची पेटी करायची. खालचं दार बंद करून पेटी वरच्या पाण्याला जोडायची, होडी आत घ्यायची, वरचं दार लावायचं, पेटीतलं पाणी हळूहळू खाली सोडायचं, होडी खालच्या पाण्याच्या पातळीला आली की खालचं दार उघडायचं. आम्ही फुटक्या पाटीचे दोन तुकडे दारं म्हणून वापरले. होडी सुपारीच्या पोयीची. गाडी वरून खडखड करत जायची आणि होडी खालून, आपल्या मर्जीनं.

आणखी एक गोष्ट त्या वेळी नुसती जाणवली होती, तिचं कारण नंतर उमगलं. रेल्वे लहान करता येते, पाणी लहान करता येत नाही. इंजिन त्रेचाळीसपट लहान केलं तरी इंजिनच दिसतं. पण पाण्याचा थेंब तेवढाच राहतो, होडीच्या काठाला तो डोंगरासारखा चिकटतो. शिवाय छोटा कालवा मोठ्यापेक्षा जास्त पाणी पितो. कालव्याची लांबी-रुंदी-खोली सगळी निम्मी केली तर आतलं पाणी आठव्या हिश्शावर येतं, पण पाणी शोषणारी माती आणि पाणी सुकवणारं ऊन मात्र चौथ्या हिश्शावरच थांबतात. म्हणून आमचा कालवा दिवसातून चार वेळा भरावा लागे. आणि ते पाणी यायचं कुठून?

इथंच माझा अपराध झाला. वाडीला पाणी रहाटाचं. पंप आला होता, पण विजेचा भरवसा नसे, म्हणून रहाट मोडलेला नव्हता. रेडा फिरायचा, लोटे भरून वर यायचे, दोणीत ओतायचे, दोणीतून पाट, पाटातून एकेका पोफळीच्या आळ्यात पाणी. नाना फावडं घेऊन एक आळं भरलं की तोंड बंद करत, पुढचं उघडत. प्रत्येक झाडाची पाळी ठरलेली. मी काय केलं, नाना दुपारी जोहरच्या नमाजाला गेले की पाटाचं तोंड आमच्या कालव्याकडे फिरवायचो. ते परत यायच्या आत पूर्ववत. आठ-दहा दिवस हे चाललं. शेवटच्या टोकाच्या चार पोफळींना त्यांच्या पाळीचं पाणी मिळालंच नाही.

नानांच्या लक्षात आलं ते झाडांकडे पाहून. त्यांनी हात उगारला नाही. विचारलं, "ही चार झाडं तहानली, ती कुनाच्या पान्यानं?" मी खाली बघत राहिलो. मामू मध्ये पडले, "पोरगं खेळतंय, बाबा." तेव्हा नाना जे बोलले ते असं, "खेळू दे की. पानी खेळवावंच. पन खेळून झालेलं पानी झाडाच्या मुळाशी गेलं पायजे."

शिक्षा म्हणून आठ दिवस मी त्या चार झाडांना घागरीनं पाणी घातलं. आणि नवव्या दिवशी नानांनी स्वतः फावडं घेतलं. कालव्याचं तोंड त्यांनी पाटाला जोडलं आणि शेपूट नेऊन त्या चार पोफळींच्या आळ्यांत सोडलं. आता कालव्यात साचलेलं पाणी नव्हतं, त्या झाडांच्या पाळीचंच पाणी वाटेत आमच्याकडून फिरून जात होतं. होडी चालायची, झाडंही जगली. हीच व्यवस्था आधी सुचली असती तर चोरी करावीच लागली नसती.

आता हे सगळं खेळातलं. पण रेल्वे की कालवा हा वाद आपल्या देशात खेळातला नव्हता. आपण शाळेत शिकतो की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. प्रवाशांची ती पहिलीच. पण तिच्याही आधी, २२ डिसेंबर १८५१ रोजी, रुडकीला एक इंजिन धावलं होतं आणि ते धावलं होतं कालव्यासाठी. प्रॉबी कॉटली हे इंजिनिअर गंगेचा कालवा काढत होते. रुडकीजवळ सोलानी नदी आडवी आली. तिच्यावरून कालवा नेण्यासाठी जलसेतू आणि दोन्ही बाजूंना मातीचे प्रचंड भराव हवे होते. ती माती पिरान कलियरहून आणण्यासाठी रूळ टाकले आणि 'थॉमसन' नावाचं इंजिन आणलं. १८५४ च्या एप्रिलमध्ये कालवा खुला झाला.

पिरान कलियर म्हणजे साबिर साहेबांच्या दर्ग्याचं गाव. काही वर्षांपूर्वी मी तिथं गेलो होतो. दर्ग्यापासून थोडं चाललं की तो कालवा लागतो, आजही भरून वाहणारा. पुढे रुडकीला जलसेतूच्या तोंडाशी दगडी सिंह बसलेले आहेत. मला वाटलं, मामू असते तर म्हणाले असते, बघ, रेल्वेच्या अंगाला कालवा असतोच.

पण ही मैत्री टिकली नाही. पुढची पन्नास वर्षं सरकारचा पैसा मुख्यतः रेल्वेकडे गेला. त्याविरुद्ध सर आर्थर कॉटन हा इंजिनिअर भांडत राहिला. गोदावरीवर धवळेश्वरमचा बांध घालणारा हाच. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये माणसं किड्यामुंगीसारखी मेली. कॉटनचं म्हणणं असं की रेल्वे धान्य वाहून नेते, पिकवत नाही. कालवा माल वाहतो आणि शेतही भिजवतो. १८७८ मध्ये लंडनच्या पार्लमेंटरी समितीपुढे त्याची उलटतपासणी झाली. साऱ्या हिंदुस्थानात होड्या चालतील असे कालवे काढायची त्याची योजना समितीला पटली नाही. ती खर्चिक होती, आणि दख्खनच्या चढउतारांत अवघडही होती, हे कबूल केलं पाहिजे. कर्नूल-कडप्पाचा कालवा खासगी कंपनीनं काढला होता, तो तोट्यात जाऊन १८८२ मध्ये सरकारला घ्यावा लागला. तरी कॉटनच्या प्रश्नातला सल शिल्लक राहतोच. गोदावरीच्या खोऱ्यातले लोक आजही त्याच्या नावानं हात जोडतात. एखाद्या रेल्वे कंपनीच्या संचालकाला कुणी हात जोडल्याचं ऐकलं नाही.

आमच्या कोकणाला खरं तर कालवा खणायची गरजच नव्हती. वाशिष्ठीची खाडी हाच आमचा कालवा. दाभोळहून आत शिरायचं आणि भरतीबरोबर चिपळूणच्या गोवळकोट बंदरापर्यंत जायचं. मीठ, कौलं, तांदूळ, माणसं, सगळी वाहतूक त्या पाण्यावरून. मुंबईची बोट दाभोळला लागायची. मग रस्ते झाले, एस.टी. आली, बोट बंद झाली, गोवळकोटला गाळ साचला. १९९० मध्ये कोकण रेल्वेचं महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग देशाला अर्पण झाला. आम्ही आनंदलो, आनंदणारच. त्याच वर्षी पुण्यात भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय लोकांना खुलं झालं. एका वर्षात आम्हांला मोठी रेल्वेही मिळाली आणि लहानही. मी दोन्ही पाहून आलो. २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली, तेव्हा खाडीवर पुन्हा थोडी जाग आली.

आणि याच वाशिष्ठीत एक खराखुरा कालवा येऊन मिळतो, रेल्वेपासून फार लांबही नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली पश्चिमेला सोडतात. १९६२ मध्ये वीजनिर्मितीचा पहिला टप्पा सुरू झाला. पायथ्याच्या ज्या गावी हे पाणी चक्रं फिरवतं, त्याचं नाव पोफळी! तिथून पाणी कोळकेवाडीच्या धरणात येतं, तिथं पुन्हा वीज करतं आणि कालव्यानं वाशिष्ठीत उतरतं. या पाण्याला नाव आहे अवजल. कृष्णेच्या पाणीतंटा लवादानं १९७६ मध्ये विजेसाठी पश्चिमेला वळवण्याच्या पाण्याची मर्यादा वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी घातली. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८०० कोटी लिटर. त्यातलं थोडं कारखान्यांना जातं, थोडं नळयोजनांना, बाकीचं दाभोळच्या खाडीतून समुद्राला. म्हणजे आमच्या उंबऱ्यावरून.

त्याच तालुक्यात कातळावरच्या काही वाड्या मे महिन्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. अवजल मुंबईला न्यायचे आराखडे झाले, कोकणातच फिरवायचेही झाले. काम सोपं नाही हे मला कळतं. खाडीत भरतीचं खारं पाणी शिरतं, म्हणून गोडं पाणी वरच्या अंगालाच उचलावं लागेल, आणि आमचा मुलूख डोंगर-दऱ्यांचा, प्रत्येक ठिकाणी पाणी चढवावं लागेल. पावसाळ्यात तर हेच पाणी भीती घालतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, वाशिष्ठीच्या पुलाशी पाणी चढलं म्हणून गाड्या थांबल्या. त्या दिवशी रेल्वे आणि पाणी शेजारी नव्हते, समोरासमोर होते. पण डोंगर फोडून पाणी इकडे आणताना अडचणी कमी होत्या का? विजेसाठी त्या ओलांडल्या. पोफळी गावात पाणी खेळवलं, घराघरात दिवे लागले, याबद्दल कृतज्ञताच आहे. फक्त नानांचं वाक्य अर्धंच पाळलं गेलं. पाण्याला खेळवलं, मुळाशी पोचवलं नाही.

नाना गेले, मामूही गेले. शेवटच्या वर्षांत बोटी बदलल्या होत्या. मोठमोठे पेटारे क्रेननं चढत-उतरत, बंदरात मुक्काम तासांचा. जुन्या सामानाच्या बाजारात फिरायला वेळच नसे, असं मामू म्हणत. रहाट मोडला, त्याची लाकडं कुणाच्या तरी चुलीत गेली. पंप आहे, पण मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो.

या उन्हाळ्यात बहिणीचा नातू मुंबईहून आला. बरोबर बॅटरीवर चालणारी प्लॅस्टिकची गाडी. त्याच दोन रांगांमध्ये त्यानं रूळ मांडले. मी म्हटलं, "बाजूनं कालवा काढू या?" माती आणली, खडे वेचले, दोघांनी मिळून तुडवली. त्याला चिखलात पाय घालायची परवानगी मिळाली याचाच जास्त आनंद. प्रश्न पाण्याचा होता. विहिरीला हात लावायचा नाही असं मी आधीच ठरवलं होतं. आमच्या घरामागे वुजू करायचा दगडी ओटा आहे. वाहत्या नदीकाठी वुजू केली तरी पाणी उधळू नये अशी आम्हांला शिकवण. त्या ओट्याचं पाणी आजवर नुसतंच रेतीत जिरायचं. त्याला आम्ही कालव्याची वाट दिली. दिवसातून पाच वेळा घरातली चार माणसं हात-पाय धुतात, तेवढ्यावर आमची होडी चालली.

दोन दिवसांनी त्याच्या गाडीची बॅटरी संपली. बॅटरी आणायला बाजारात जायला हवं होतं, पण तो उठला नाही. होडीच्या मागोमाग रांगत रांगत कालव्याच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून ओरडला, "नाना, इथून पुढे पाणी कुठं जातं?"

मी त्याला ती चार झाडं दाखवली. त्यांतली दोन जुनीच आहेत, दोन नंतर लावलेली.